कौटुंबिक कारणास्तव

संपादकांचे पत्र ऐन आषाढात आले. 'यंदाच्या अंकासाठी आपण एखादा लेख द्यावा. बदलीमुळे घरातील स्त्रीवर जो ताण पडतो तो तिने कसा सोसावा, यावर चार हितगुजाचे, उपयोगी शब्द लिहावेत. आपला अंक घरातली सारी माणसे वाचतात, तेव्हा सूर प्रसन्न असावा.' संपादक सज्जन आहेत. माझ्या दोन कादंबऱ्या त्यांनी वाचल्या आहेत आणि त्यांतली एक विकत घेऊन वाचली आहे. अशा माणसाला नाही म्हणणे लेखकाला अवघड जाते. मी होकार कळवला, प्रसन्न सुराची चार वाक्ये मनाशी जुळवूनही ठेवली. आणि त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई माझ्या चित्रकलेच्या खोलीत आल्या आणि रंगांच्या बाटल्या बाजूला सारून त्यांनी दोन कागद माझ्यासमोर ठेवले.

"बाई, जरा शुद्धलेखन बघता का?"

शाळेत कोणाचाही अर्ज असो, शुद्धलेखनाला माझ्याकडे येतो. मी स्वतः दहावी. आमच्या सासूबाईंच्या भाषेत मॅट्रिक. पुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका तेवढी पदरात पडली. परंतु कादंबरी लिहिणाऱ्या बाईला ऱ्हस्वदीर्घ कळत असले पाहिजे असा स्टाफरूमचा समज आहे, आणि मीही तो मोडत नाही. ही विज्ञानाची बाई माझ्याहून सोळा-सतरा वर्षांनी लहान, म्हणून मी तिला अगं-तुगं करते. तिने २०१७ च्या डिसेंबरात ती अभियोग्यता चाचणी दिली, पवित्र पोर्टलकडे डोळे लावून वर्षे काढली, मग शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे मानधनावर राबली आणि गेल्या वर्षी कुठे कायम झाली. कायम झाल्याचे पेढे अजून माझ्या जिभेवर आहेत. आणि आता तिच्या हातचा हा राजीनामा, दोन प्रतींत. 'कौटूंबिक कारणास्तव मी माझ्या पदाचा स्वखुशीने राजीनामा देत आहे.' टूं दीर्घ काढला होता. तेवढीच चूक.

तिचे यजमान इथल्याच औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात आहेत. कंपनी त्यांना हिमाचल प्रदेशात बद्दी येथे पाठवते आहे. हुद्दा वाढणार, पगार वाढणार. पदरी तीन वर्षांची मुलगी. सासरची माणसे म्हणाली, "आता ह्यात प्रश्न कसला?" माहेरची म्हणाली, "नशीब काढलेस, थंड हवेचा मुलूख आहे." यजमानांनी काय म्हटले ते मी विचारले. "ते म्हणाले, तू ठरव." आणि तिने ठरवले! ह्या 'तू ठरव'चे उत्तर काय यावयाचे हे विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असते. नाहीतर तो विचारीलच कशाला?

खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा जो कायदा आहे, त्याच्या सातव्या कलमात राजीनामा कसा द्यावा हे सांगितले आहे. पत्राच्या दोन प्रती काढावयाच्या, दोन्हींवर सही करून तारीख घालावयाची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाकडे धाडावयाची आणि दुसरी आपल्याजवळ जपून ठेवावयाची. एका राजीनाम्यासाठी एवढा खटाटोप कशाला? मला वाटते, कायदा करणाऱ्यांना संस्थाचालकांची चांगली ओळख होती. शिक्षकाला केबिनमध्ये बसवून दम द्यावा, कोऱ्या कागदावर सही घ्यावी आणि मजकूर मागाहून भरावा, असले प्रकार होऊ नयेत म्हणून त्यांनी ही कुंपणे घातली. छान केले. पण सही मागणारा संस्थाचालक नसून रात्री जेवणाच्या ताटावर समोर बसलेला आपलाच माणूस असला तर? आणि तो दम देत नसून, वरण वाढ म्हणावे इतक्या सहजपणे "मग, कधी देतेस राजीनामा?" एवढेच म्हणत असला तर? त्यावर कलम नाही. घरात झालेली सही स्वखुशीचीच.

आणि ते दोन शब्द पाहा. नवऱ्याची बदली होते ती 'प्रशासकीय कारणास्तव'. तिच्या आदेशाला जावक क्रमांक असतो, तारीख असते, खाली कोणा साहेबाची सही असते. उद्या भांडावयाचे झाले तर कोणाशी भांडावे हे तरी कळते. बायकोची नोकरी त्याच आदेशाने जाते, पण तिच्या कागदावर 'कौटुंबिक'. कंपनीच्या दप्तरात लिहिले जाईल की अमुक अधिकारी बद्दीस रुजू झाला. आमच्या शाळेच्या दप्तरात लिहिले जाईल की अमुक शिक्षिकेने नोकरी सोडली. या दोन नोंदींना जोडणारी रेघ जगातल्या कुठल्याच दप्तरात सापडावयाची नाही. सरकारी पाहणीतही ती नाही. २०२०-२१ सालच्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की आपले गाव सोडून गेलेल्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा ८६ हून अधिक लग्नामुळे गेल्या. उरलेल्यांतल्या पुष्कळशा 'मिळवत्या माणसाबरोबर' गेल्या, असाही एक रकाना आहे. आमची विज्ञानाची बाई उद्या ह्या रकान्यात जाऊन पडेल. तीही काल परवापर्यंत मिळवते माणूसच होती, हे सांगणारा रकाना त्या तक्त्यात नाही.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी दाराशी उभे राहून सारे ऐकत होते. स्वभावाने गोड गृहस्थ. ते म्हणाले, "बाई, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. बायकांचे भाताच्या रोपासारखे असते. इथून उपटून तिथे लावले की उलट जोमाने येते."

माझ्या खोलीच्या खिडकीतून खाचरे दिसतात आणि त्या दिवशी तिथे लावणीच चालली होती. मी शेतकऱ्याच्या घरची. लहानपणी गुडघाभर चिखलात उभी राहून मी लावणी केली आहे, तेव्हा ह्या उपमेचा हिशेब मला चुकता केलाच पाहिजे. मंडळी, तरवा उपटतात तो वीस-पंचवीस दिवसांचा असताना. कोवळा, बोटभर मुळांचा. तो उपटण्याआधी ज्या खाचरात तो जावयाचा तिथे पाणी अडवतात, बांध धरतात, चिखलणी करतात. मुळे तुटू नयेत म्हणून वाफा भिजलेला लागतो. जुड्या बांधल्या की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, त्या जमिनीत गेल्या पाहिजेत. आणि हे सगळे एकदाच. पोटरीत आलेले भात उपटून दुसऱ्या गावच्या खाचरात नेऊन लावणारा शेतकरी मी कोकणात पाहिला नाही आणि गोंदियाकडेही पाहिला नाही. तिकडे तर भातावाचून दुसरे बोलणे नसते, लावणीला तिथे रोवणी म्हणतात आणि तरव्याला पऱ्हे. लग्नात बाई एकदा उपटली जाते. त्यानंतर तिला दर तीन-चार वर्षांनी, लोंबी धरलेली असताना उपटावयाचे आणि वर ती जोमाने येते म्हणून कौतुक करावयाचे, ही शेती कोणत्या गावची?

गोंदियाचे नाव आलेच आहे, तर माझे सांगते.

मी १९९९ साली एका अनुदानित शाळेत लागले. २००२ साली लग्न झाले. आमचे हे बँकेत कारकून होते. २००६ साली परीक्षा देऊन अधिकारी झाले आणि गोंदियाची बदली घेऊन घरी आले. मुंबईहून गोंदिया रेल्वेने साडेनऊशे किलोमीटरच्या पलीकडे. मी आळीत पेढे वाटले. जून महिन्यात मीही ते दोन शब्द लिहिले, आणि चित्रकलेची बाई असल्यामुळे इतक्या वळणदार अक्षरात लिहिले की आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "हे पत्र फाइलला लावण्याऐवजी भिंतीवर लावावे." मला त्याचा अभिमान वाटला. खरेच वाटला, आता खोटे कशाला सांगू? बँकेने सामान नेण्याचे भाडे वजनावर दिले. कपाट, दिवाण, शिवणयंत्र, भांड्यांची पोती, सगळ्यांचे वजन झाले. लोणच्याची बरणी तेवढी मी मांडीवर नेली. माझी सात वर्षांची नोकरी कोणी काट्यावर घातली नाही.

तिथे पोहोचल्याबरोबर ह्यांना टेबल मिळाले, खुर्ची मिळाली, चहा आणणारा शिपाई मिळाला आणि 'साहेब' हे नाव मिळाले. बदलीचा ताण पुरुषालाही असतोच, मी नाकारीत नाही. नव्या शाखेतली माणसे पाण्यात पाहतात, थकीत कर्जांच्या फाइली उशाशी येतात. पण त्याचे जुने आयुष्य पेटीत घालून त्याच्याबरोबर येते. तीच बँक, तेच रजिस्टर, तीच वेतनश्रेणी. मला मात्र गॅसची पावती बदलण्यापासून आरंभ. रेशनकार्डावरचे नाव तिकडून कमी केल्याचा दाखला, इकडे भाडेपट्टा. दूधवाला कोण, दळण कुठे, रात्री-अपरात्री दार उघडणारा डॉक्टर कोणता. मे महिन्यात पंखा गरम वाफ फेकी. आणि सगळ्यात विचित्र गोष्ट ही की सात-आठ महिने माझे नाव कोणी उच्चारले नाही. मी 'साहेबांच्या मिसेस' होते. पोस्टमनच्या तोंडूनही ते ऐकू आले नाही, कारण माझ्या नावे काही येतच नव्हते. शेजारी एका भातगिरणीच्या मुनिमाचे बिऱ्हाड होते. त्या बाईंनी एक दिवस पापड वाळत घालताना गच्चीवरून विचारले, "तुमचं नाव काय हो ताई?" आणि मला उत्तर देता येईना, इतके भरून आले. पुढे २००७ साली लेक झाली तेव्हा माझी आई येऊन पोहोचेपर्यंत ह्याच मुनिमीणबाईंनी माझे सारे केले. बायकांनी बदलीचा ताण कसा सोसला, असे कोणी मला विचारले, तर मी म्हणेन की शेजारच्या बाईच्या जिवावर. यात बँकेचा, सरकारचा किंवा नवऱ्याचा हात मला फारसा दिसला नाही.

दुपारी बाळ झोपले म्हणजे मी लिहावयास लागले. पहिली कादंबरी गोंदियाचीच. आता कोणी म्हणेल, पाहा, झाला की नाही बदलीचा फायदा! असे म्हणणारे भेटले आहेत म्हणून लिहिते. तुरुंगातही पुष्कळ ग्रंथ लिहिले गेले. तेवढ्यावरून कोणी तुरुंगात जावे अशी शिफारस करीत नाही.

२०१० साली आम्ही कोकणात परत आलो. मला दुसऱ्या एका संस्थेत जागा मिळाली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, शिक्षणसेवक म्हणून. माझ्या हाताखाली पाठ घ्यायला येत ती मुले आता सेवाज्येष्ठतेच्या यादीत माझ्यावर. तेही पचवले. पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपल्या राज्यात जुनी निवृत्तिवेतनाची पद्धत १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना आहे. त्यानंतरच्यांना नवी, वर्गणीची. मी तर १९९९ ची! हो, पण राजीनामा दिला की मागली सेवा पुसली जाते. तो आदेश ऑक्टोबर २००५ च्या अखेरीस निघाला होता आणि मी राजीनामा दिला जून २००६ मध्ये. आठ महिने तो कागद शाळेच्या कपाटात पडून असेल. मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मी भांडी बांधण्यात गुंतले होते. त्या वळणदार अक्षरातल्या एका ओळीने माझ्या म्हातारपणाचे निवृत्तिवेतन गेले. ह्यांना सांगितले तेव्हा हे म्हणाले, "तू कशाला काळजी करतेस? माझे पेन्शन आहे ना." माणूस वाईट नाही. पण ह्या वाक्याचा अर्थ काय होतो तो त्यांना आजही समजावून सांगता येत नाही.

'ताण कसा हाताळावा' या विषयावर आजकाल बरेच छापून येते. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी ओळखी वाढवा; एखादा छंद लावून घ्या; नव्या घरात जुन्या घरातल्या चार वस्तू मांडा; दीर्घ श्वास घ्या. दीर्घ श्वासाला माझा विरोध नाही, फुकट असतो. तुळशीची कुंडी मीही नेली होती. परंतु ह्या सगळ्या उपदेशात एक गृहीत धरलेले असते, की बदली ही पावसासारखी आभाळातून पडते आणि बाईने काय ती छत्री सांभाळावयाची. पाऊस कोणी पाडत नाही. बदली कोणीतरी करते, कोणीतरी स्वीकारते, आणि स्वीकारणाऱ्याने घरी येऊन 'तू ठरव' म्हटलेले असते.

संपादकांना उपयोगी शब्द हवे आहेत, तर हे घ्या. कायम नोकरी असलेल्या बाईने पहिल्या झटक्यात राजीनामा लिहू नये. आधी बिनपगारी रजेचा अर्ज करावा. ती मिळेलच असे नाही. पण नाकारली तर निदान नकाराला तारीख पडते. राजीनाम्याने निवृत्तिवेतनाचे, सेवेचे आणि उपदानाचे नेमके काय होते, ते कार्यालयातल्या लिपिकाकडून कागदावर मांडून घ्यावे आणि तो कागद नवऱ्याच्या वाढलेल्या पगाराच्या कागदाशेजारी ठेवावा. दोन्ही कागद घरातल्या सर्वांसमोर वाचावेत. दिवाळीला सगळे जमतातच. पुष्कळ घरांत हा हिशेब कधी झालेलाच नसतो. 'हिचा पगार काय, भाजीपाल्याला' असे म्हणून तो मिटवलेला असतो.

बायकोसाठी बदली मागून घेणारा पुरुष आपल्या इतिहासात नाही असे मात्र नाही. गोपाळराव जोशी पोस्टात कारकून होते. कल्याणात बायकोला शिकवणे जमेना म्हणून त्यांनी अलिबागेला बदली करून घेतली. तिथून कोल्हापूर, पुढे कलकत्ता, श्रीरामपूर, असे ते आनंदीबाईंच्या अभ्यासामागे हिंडले. १८८३ साली आनंदीबाई एकट्या अमेरिकेला निघाल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. गोपाळराव देवमाणूस होते असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांचा हेकटपणा आणि मारहाण त्या मुलीने सोसली आहे. मला एवढेच दाखवावयाचे आहे की बायकोच्या शिक्षणासाठी बदलीचा अर्ज करता येतो, ही युक्ती एका पोस्टातल्या कारकुनाला तेव्हा सुचली होती. आजच्या अधिकाऱ्यांना ती सुचत नाही म्हणून सांगितले.

माझ्याकडे दुसरी बदली आली २०१७ साली. ह्या वेळी ती माझी होती. संस्थेच्या अनेक शाखा. त्यांतल्या घाटाखालच्या एका शाखेत मला पाठवले, राहत्या गावापासून नव्वद किलोमीटरवर. संस्थेचे नाव सांगत नाही, कारण नाव कोणतेही घातले तरी गोष्ट हीच राहील. सत्र सुरू झाल्यावर, भर श्रावणात आदेश. लेक दहा वर्षांची, सासूबाईंचे गुडघे गेलेले. घरात लगेच एकमत: सोड नोकरी. अकरा वर्षांपूर्वी ह्यांची बदली झाली तेव्हा "सोड नोकरी" असे ह्यांना कोणी म्हटले नव्हते. तेव्हाही मीच सोडली होती. म्हणजे बदली नवऱ्याची असो वा बायकोची, औषध एकच.

मी गेले. तिथे एक खोली घेतली. शनिवारी दुपारच्या एस्टीने घरी, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. असे तीन वर्षे चालले. आणि तेव्हा मी एक गंमत पाहिली. आमच्या आळीत ह्यांना सगळे 'बिचारे' म्हणू लागले. रोज कोणाकडून आमटी, कोणाकडून भाजी. संकष्टीला तर तीन घरचे मोदक. गोंदियाला मी तान्हे मूल घेऊन ह्यांच्या रात्री नऊच्या येण्याची वाट पाहत बसे, तेव्हा मला कोणी बिचारी म्हटले नाही. मुनिमीणबाई सोडल्या तर कोणी वाटीभर काही आणून दिले नाही. मला उलट विचारीत, "आता निवांत असाल, नोकरी नाही." आणि घाटाखालच्या गावात मी खोली घेतली तर तिथल्या घरमालकिणीचा पहिला प्रश्न होता, "नवरा टाकलाय का?"

ह्यांना न्याय दिला पाहिजे. लेकीच्या दोन वेण्या घालावयास हे शिकले, सासूबाईंना दवाखान्यात नेऊ लागले, आणि २०१९ साली बढतीची संधी आली तेव्हा लांबची बदली नको म्हणून त्यांनी अर्जच केला नाही. कोणी विचारले तर "घरच्या अडचणीमुळे" एवढे सांगत. एका पुरुषाच्या त्या एका त्यागाची गोष्ट आमच्या नात्यात अजून सांगतात. त्यांच्याच बँकेत एक बाई माझ्या ओळखीच्या आहेत, हिशेबाला ह्यांच्याहून तल्लख. पंचवीस वर्षे खिडकीवर बसून आहेत, कारण अधिकारी झाले की बदली, आणि बदली झाली की घर कोण पाहणार? बढती नाकारणाऱ्या अशा बायका बँकाबँकांतून बसलेल्या आहेत. त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. त्यांना 'महत्त्वाकांक्षा नाही' असा त्यांच्या साहेबांचा शेरा असतो.

आणि माझ्या जाण्याची किंमत पडली नाही असेही नाही. लेक पहिल्यांदा मोठी झाली ती एका मंगळवारी. मी नव्वद किलोमीटरवर सातवीच्या मुलांना वारली चित्रे शिकवीत होते. शेजारच्या काकूंनी सगळे नीट केले. शनिवारी मी घरी गेले तेव्हा लेक म्हणाली, "आई, तुला सांगायचं राहिलं." राहिले नव्हते, तिने सांगितले नव्हते. ती गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. पण ती आठवण काढून मला कोणी म्हणू लागला की पाहा, म्हणून बाईने घरी असावे, तर मी त्याला विचारीन की त्या मंगळवारी तिचे वडील घरापासून दोन फर्लांगांवर बँकेत होते, त्यांना बोलवावे असे कोणाच्या का मनात आले नाही?

सरकारला हे सारे ठाऊक नाही काय? आहे. नवराबायको दोघे नोकरीत असतील तर त्यांना शक्यतो एका ठिकाणी ठेवावे, असे केंद्र सरकारने १९८६ साली लिहून ठेवले आणि २००९ साली पुन्हा, अधिक जोर देऊन. आपल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांचे जे धोरण फेब्रुवारी २०१७ मध्ये आले, त्यात पती-पत्नींच्या शाळांत तीस किलोमीटरांहून अधिक अंतर असेल तर त्यांचा वेगळा विचार होता. पण हे दोघे सरकारी असतील तर. माझ्या विज्ञानाच्या बाईचा नवरा औषधाच्या कंपनीत, ती अनुदानित शाळेत. तिला कोणत्या परिपत्रकाचा आधार? न्यायालयांचे म्हणाल तर, १९९० च्या दशकाच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाने एका बँक अधिकाऱ्याच्या खटल्यात सांगितले होते की देशभर बदली होणारी नोकरी पत्करताना जोडप्याने ह्या अडचणीचा आधीच विचार केला पाहिजे, एकत्र नेमणूक हा हक्क नव्हे. त्यानंतर तीस वर्षांनी, मार्च २०२२ मध्ये, त्याच न्यायालयाने केंद्रीय उत्पादनशुल्क खात्यातल्या बदल्यांच्या खटल्यात धोरण तेवढे कायम ठेवले. पण घरकामाचा आणि मुलांचा भार बायकांवरच पडतो हे ध्यानात घ्या, कौटुंबिक जीवनालाही मान आहे, आणि त्या दृष्टीने धोरणाचा फेरविचार करा, असे खात्याला बजावले. तीस वर्षांत तेवढे अंतर कापले गेले. थोडे म्हणावे की पुष्कळ?

आता मला कोणी विचारील, "मग काय बाई, बदल्याच करावयाच्या नाहीत? डोंगरातल्या मुलांना शिक्षक नकोत?" हवेत. घाटाखालच्या त्या शाळेत माझ्याआधी चार वर्षे चित्रकलेला कोणीच नव्हते. मुलांनी जलरंगाची पेटी पाहिली नव्हती. त्या तीन वर्षांचा मला पश्चात्ताप नाही. बदली करा, पण सत्र संपल्यावर करा. सरकारी नोकरांच्या बदल्यांसाठी २००५ च्या कायद्याने एप्रिल-मे महिने नेमून दिले आहेत ते उगाच नव्हेत. मुलांच्या शाळा त्यात पाहिल्या आहेत. खाजगी संस्थांना आणि कंपन्यांना तेवढीही लाज नको काय? वजनावर भाडे देता, तसे जिची नोकरी सुटते तिच्यासाठी काय देता, हे बदलीच्या आदेशात एका ओळीने लिहा. काहीच देत नसाल तर 'काही नाही' असे लिहा. निदान ते वाचावे तरी लागेल.

मी विज्ञानाच्या बाईच्या कागदावरचा टूं लाल शाईने ऱ्हस्व केला आणि कागद परत दिले नाहीत. म्हटले, "शुद्धलेखन झाले. पण वाक्य चुकीचे आहे. खरे कारण लिहून आण." दुसऱ्या दिवशी ती लिहून आली: 'माझ्या पतीची बदली झाल्यामुळे...' मी म्हटले, "बदली त्यांची झाली, राजीनामा तुझा का, तो दुवा वाक्यात येत नाही." तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाई, तो दुवा मला लिहिता येत नाही. ह्यांना लिहायला सांगितला." कोरा कागद आणि पेन तिने रात्री यजमानांपुढे ठेवले होते. त्यांनी आरंभ केला, दोन ओळी लिहून खोडल्या, मग म्हणाले, उद्या बघतो.

हा मजकूर छापावयास जातो आहे तेव्हा गणपती येऊन गेले आहेत. यजमान एकटेच बद्दीला रुजू झाले आहेत आणि कागद अजून त्यांच्याकडेच आहे. मुलगी आजीपाशी राहते, आई शाळेत येते. कालच ती सांगत होती, फोनवर त्यांनी विचारले, तिकडे गॅसची जोडणी मिळायला काय काय कागद लागतात?